'नीटनेटके केस' म्हणजे नक्की कसे हो?

या खेपेला दोनच पत्रं घेतली आहेत. पहिलं इतकं लांब होतं की थोडं कापलं, आणि तरी त्याचं उत्तर पत्रापेक्षा लांब झालं, त्याला माझा इलाज नाही.

पत्र पहिलं

ताई, नमस्कार. मी कांदोळीच्या बाजूला एका रिसॉर्टात फ्रंट ऑफिसला सुपरवायझर आहे, नऊ वर्षं झाली, मूळची डिचोलीची. आमच्याकडे जूनमध्ये एक मुलगी ट्रेनी म्हणून लागली, बावीस वर्षांची, यल्लापूरकडची, सिद्दी समाजाची. हॉटेलचा कोर्स केलेला, कामात एकदम शार्प, कोंकणी बोलते (आमच्यापेक्षा वेगळी, पण गोड), कन्नड हिंदी इंग्लिश सगळं येतं. तिचे केस एकदम बारीक कुरळे, आफ्रिकन लोकांचे असतात ना तसे, आणि ती डोक्याला चिकटून बारीक बारीक वेण्या घालते आणि मागे त्यांचा छोटा अंबाडा करते. खरं सांगायचं तर आमच्या अख्ख्या काउंटरवर सगळ्यात टापटीप डोकं तिचंच असतं, एक केस इकडचा तिकडे नाही.

पण आमच्या ग्रूमिंगच्या फाइलीत लिहिलंय की बायकांचे केस गुळगुळीत, मागे विंचरलेले, एकच अंबाडा, वर जाळी, आणि खाली एक ओळ, बारीक वेण्या किंवा एथनिक स्टाइल चालणार नाही. जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर, राउंडला आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, हिचे केस सरळ करून घे, आपण काय बीचवरचं शॅक आहोत का. स्मूथनिंगचे पैसे हॉटेलने दिले. मीच घेऊन गेले तिला सलूनमध्ये, साडेतीन तास बसलो, त्या वासाने दोघींच्या डोळ्यांतनं पाणी, आणि पंधरा दिवसांत पावसाच्या हवेत मुळाशी परत कुरळे, टोकं केरसुणीसारखी, कानामागचे केस तर हातात यायला लागले. आता ती परत वेण्या घालून येतेय आणि वरून निरोप आलाय की तिला लाँड्रीत टाका, नाहीतर प्रोबेशन संपलं की बघू. महिनाअखेर तिचा फॉर्म मी भरायचाय.

मला खटकतंय ते हे की सीझनला रशियन पाहुण्यांसाठी एक रशियन मुलगी ठेवली होती, ती दोन वेण्या सोडून लॉबीभर फिरायची, सगळे म्हणायचे किती क्यूट. मी स्वतः अबोलीची फांती माळून जाते, फाइलीत फुलं बसत नाहीत, मला आजवर कोणी हटकलं नाही. मालक गोंयकारच, माणूस वाईट नाही, पगार वेळेवर देतो. मग याला वंशभेद म्हणायचं का मी उगाच मोठा शब्द वापरतेय? आणि मी करू काय, माझंही घर याच नोकरीवर चालतं.

*नाव छापू नका, कांदोळी*

उत्तर

बाय, शब्द मोठा आहे पण इथे बसतो, बिनधास्त वापर. त्यासाठी मालक वाईट असायला लागत नाही, पगार वेळेवर देणारा माणूसही असली फाइल सही करून देतो, बहुतेकदा न वाचताच, कारण ती फाइल दुसऱ्या कुठल्यातरी हॉटेलातून उचललेली असते.

आधी फाइलीतली ती दोन वाक्यं वेगवेगळी काढून बघ. केस स्वच्छ पाहिजेत, बांधलेले पाहिजेत, तोंडावर आणि पाहुण्याच्या कॉफीत नकोत, हे काम मागतंय. ते तू पाच मिनिटांत करतेस, ती पाच मिनिटांत करते, कोणाचं काही बिघडत नाही. 'गुळगुळीत' हे मात्र काम मागत नाही, ते कोणाच्या तरी डोळ्यांना पाहिजे असतं. आणि ते करायला तुला कंगवा आणि दोन थेंब पाणी लागतं, तिला साडेतीन तास, सलूनचं बिल आणि कानामागचे केस. नियम कागदावर सगळ्यांना सारखा पण एकीने कंगवा फिरवायचा आणि दुसरीने स्वतःचे केस जाळून घ्यायचे, तर तो सारखा कसला.

तिचे केस असे का, हेही तुमच्या जीएमना सांगायला हरकत नाही. केस ज्या मुळातून उगवतो ते मूळच तिचं वाकडं असतं आणि केसाचा आडवा छेद गोल नसून चपटा, म्हणून तो उगवतानाच वळत येतो. डोक्याचं नैसर्गिक तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं, इतक्या बारीक वळणांतून ते उतरतच नाही, म्हणून असे केस कोरडे, पटकन तुटणारे. रोज ओढून विंचरले की तुटतात. म्हणून तर वेण्या. आपल्याला जी 'स्टाइल' वाटते ती तिच्या घरात केस सांभाळायची रीत आहे, आपल्याकडे आई रविवारी खोबरेल चोपडून घट्ट वेणी घालायची त्यातलाच प्रकार.

माझे स्वतःचे केस कुरळे आहेत, आता पांढरे कुरळे. लहानपणी मावशी म्हणायची की कुरळ्या केसांची पोर भांडखोर निघते (ती चुकली नाही). नोकरीला लागले तेव्हा पणजीतल्या एका ऑफिसात साहेब म्हणाले होते, अहो जरा तेल लावून येत जा, वादळातून आल्यासारख्या दिसता. मी हसले, तेही हसले, संपलं. तुझं पत्र वाचताना मला तेच आठवत होतं, कारण माझ्या केसांना नावं ठेवताना कोणी ही कुठल्या देशातली असं विचारलं नाही, काउंटरवरून उचलून लाँड्रीत टाकायचं तर कोणाच्या मनातही आलं नसतं. माझे कुरळे म्हणजे गंमत, तिचे कुरळे म्हणजे शॅक. मधला फरक केसांतला नाही ना गो.

आता ती कोण ते. सिद्दी म्हटलं की आपल्या मराठी डोक्यात जंजिरा येतो, मलिक अंबर येतो, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले लोक. उत्तर कन्नडातले, यल्लापूर हल्याळ अंकोल्याच्या रानातले सिद्दी हे बरेचसे आपल्याच गोव्यातून गेलेत. पोर्तुगीजांनी मोझांबिककडून गुलाम आणून इथे विकले, त्यांतले जे पळाले ते घाट चढून रानात शिरले आणि तिथेच राहिले. घरात कोंकणी बोलतात ती त्यामुळेच. म्हणजे तुमच्या लॉबीत ज्या मुलीला पाहुणे विच कंट्री विचारत असतील ती हिशेबाने बघितली तर माहेरी आलीय.

आणि आपण काय केलं, तर खाप्री हा आफ्रिकन माणसासाठीचा शब्द शिवीसारखा वापरत राहिलो. पोरगं काळं झालं तर खाप्री, केस उभे राहिले तर खाप्री, आणि परत पर्वरीवरून जाताना रस्त्याकडेच्या खाप्रेश्वर देवासमोर गाडी स्लो करून हात जोडायचो. मीही जोडायचे.

अमेरिकेत यावर कोर्टात भरपूर झगडे झालेत, त्यातला एक सांगते. अलाबामातल्या मोबील शहरात २०१० मध्ये एका काळ्या बाईला कॉल सेंटरची नोकरी मिळाली, आणि मग एचआरवाल्या बाई म्हणाल्या की तुझे हे जटांसारखे वळलेले केस काप, असले केस नंतर अस्ताव्यस्त होतात. आता काम फोनवरचं, हां, गिऱ्हाइकाला केस दिसणारच नव्हते. तिने नाही म्हटलं, नोकरी गेली. २०१६ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, म्हणणं असं की जन्मतः जसे केस उगवतात त्यावरून भेद केला तर तो वंशभेद, पण वेण्या किंवा जटा या माणूस स्वतः घालतो, त्या बदलता येतात, म्हणून त्यांना संरक्षण नाही. तुमचे जीएम वकील असते तर हेच बोलले असते. कागदावर पटतंही ते, पण जे केस तसेच सोडले तर 'पिंजारलेले' म्हणून चालत नाहीत आणि बांधले तर 'एथनिक' म्हणून चालत नाहीत, त्या केसांच्या मालकिणीने करायचं काय, टक्कल?

या तिढ्यावरच मग कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ मध्ये कायदा केला, त्याला क्राऊन कायदा म्हणतात. वंश या शब्दाच्या व्याख्येतच त्यांनी केसांचा पोत आणि वेण्या, जटा वगैरे केस सांभाळायच्या पद्धती घातल्या. नंतर वीसहून जास्त राज्यांनी तसेच कायदे केले.

आपल्याकडे तसा कायदा नाही, हे तुला स्पष्ट सांगते, उगाच आशा नको. घटनेचं कलम १६ वंशावरून भेद करायला मनाई करतं, पण सरकारी नोकरीत. कलम १५ तर हॉटेलांचं नाव घेतं! पण तिथे गोष्ट आहे हॉटेलात येणाऱ्या गिऱ्हाइकाची. म्हणजे तीच मुलगी उद्या पर्स घेऊन कॉफी प्यायला आली तर तिला वंशावरून दारात अडवणं घटनेला चालत नाही, युनिफॉर्म घालून तीच कॉफी द्यायला उभी राहिली की घटनेतली ती ओळ तिच्या कामाची नाही.

आणि केसांवरून काही होत नाही असं कोणी म्हणालं तर २०१४ आठव. जानेवारीत दिल्लीत लाजपत नगरला अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याची दुकानात केसांवरून आणि दिसण्यावरून टिंगल झाली, वाद, मारहाण, दुसऱ्या दिवशी पोरगा गेला. सरकारने बेझबरुआ समिती नेमली, तिने त्याच वर्षी अहवाल देऊन फौजदारी कायद्यात बदल सुचवले. खासगी नोकरीतल्या वंशभेदावर वेगळा कायदा त्यानंतरही आला नाही.

तरी तिच्या हातात एक गोष्ट आहे. उत्तर कन्नडातले सिद्दी २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत (गोव्याच्या यादीतही सिद्दी हे नाव आहे). म्हणून चारचौघांत, लॉबीत, कँटीनमध्ये, कोणी तिला जमातीवरून हिणवलं, अपमान केला तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा लागतो. दाखला कर्नाटकातला म्हणून कोणी उडवून लावलं तर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये म्हटलंय की या कायद्याचं संरक्षण माणसाबरोबर दुसऱ्या राज्यातही जातं, आणि आपण त्याच कोर्टाखाली येतो. फक्त बंद केबिनमधलं बोलणं त्यात सहसा बसत नाही, कोणीतरी ऐकणारं लागतं. केसांचा नियम हा स्वतःहून अॅट्रॉसिटी होत नाही, तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. पण शॅकसारखी वाक्यं जिथे चालतात तिथे पुढचं वाक्य यायला वेळ लागत नाही, म्हणून तारखा लिहून ठेव. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाकडेही तिला तक्रार पाठवता येते.

आता तुझं काय. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात जीएम काय म्हणाले ते आहे, वरून काय निरोप आला ते आहे, रशियन मुलीला लोक काय म्हणायचे तेसुद्धा आहे. ती मुलगी काय म्हणाली ते कुठेच नाही. साडेतीन तास शेजारी बसलीस ना तिच्या? आधी तिला विचार. कदाचित तिला भांडायचंय, कदाचित तिला फक्त सहा महिन्यांचा अनुभवाचा कागद घेऊन दुसरीकडे जायचंय, दोन्ही बरोबर, आणि तिने ठरवायच्या आधी तू झेंडा घेऊन पुढे धावू नकोस. सलूनला परत न्यायचं तर नाहीच. ते डोळ्यांत पाणी आणणारं औषध असतं ना, बऱ्याच वेळा त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटतो, आणि तो कॅन्सर करणारा पदार्थ आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच सांगितलंय. यापुढे कोणी म्हणालं पैसे हॉटेल देईल, तर त्याला सांग ते औषध लेखी मागवा, सहीसकट.

फॉर्म मात्र खरा भर. हजेरी, भाषा, पाहुण्यांचे शेरे, बिलिंगमधल्या चुका किती, सगळं आकड्यात लिही. 'ग्रूमिंग' या रकान्यात लिही की केस रोज स्वच्छ, बांधलेले आणि जाळीत होते. खोटं काय आहे त्यात. मग एक साधी मेल एचआरला, जीएमना कॉपी, तक्रारीचा सूर नको, प्रश्नाचा ठेव. म्हणजे असं काहीतरी: "ग्रूमिंगच्या नियमात 'केस स्वच्छ, चेहऱ्यापासून मागे आणि बांधलेले असावेत, वेण्या चालतील' असा बदल करता येईल का, कारण आताचा नियम काही कर्मचाऱ्यांना केसांवर रसायन वापरल्याशिवाय पाळता येत नाही आणि तो सगळ्यांना सारखा लावला जात नाही." शेवटचा तुकडा गाळू नकोस, सगळं वजन त्यातच आहे. तुझी फांती आणि ती रशियन मुलगी हाच तुझा पुरावा. एक नियम तिघींनी मोडला आणि त्रास एकीलाच झाला, तर त्याचं कारण नियमात शोधून सापडणार नाही.

तुमचं रिसॉर्ट मोठ्या साखळीतलं असेल तर त्यांची समान संधीची पॉलिसी वेबसाइटवर असतेच, त्यात वंश हा शब्द बहुतेक सापडेल. तो पॅरा कॉपी करून मेलमध्ये टाक. भारतातला कायदा त्यांना अडवत नसला तरी त्यांचंच मुख्य ऑफिस असली मेल बघून खुर्चीत सरळ बसतं. लाँड्रीचंही तसंच, बदली लेखी मागायची, कारणासकट. नवे कामगार कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, त्यात प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायलाच लागतं. तिच्या पत्रात पद काय लिहिलंय ते दोघींनी बसून वाचा. फ्रंट ऑफिस असेल तर केस कुरळे म्हणून चादरी घडी घालायला पाठवलं असं कागदावर लिहायला कोणाचा हात धजणार नाही, आणि लिहिलंच तर तो कागद घेऊन पणजीला पाटो भागातल्या श्रमशक्ती भवनात लेबर कमिशनरकडे जायचं.

राहिलं शॅकचं. कळंगुट बागाच्या वाळूत संध्याकाळी बायका बसलेल्या असतात ना, रंगीत दोरे मण्यांची पेटी घेऊन, त्यांच्याकडे तुमचेच पाहुणे रांग लावून पैसे देऊन तसल्याच बारीक वेण्या घालून घेतात, आणि त्याच वेण्या घेऊन रात्री तुमच्या काउंटरवर चावी मागायला येतात. जीएमना एकदा त्या वेळी काउंटरवर उभं करून बघ.

पत्र दुसरं

ताई, मी फोंड्याजवळचा, पणजीत एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे. माझे केस खांद्याच्या खाली आहेत, ऑफिसात बांधूनच असतो. आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात मी बाईचं काम करतो आणि टोप घालून करायला मला आवडत नाही म्हणून वाढवलेत. आता नवीन एचआर आलीय ती म्हणते मुलग्यांनी कॉलरच्या वर. मुलींना मात्र कंबरेपर्यंत चालतात. हा पण भेदभावच ना?

*एक नट, फोंडा*

उत्तर

भेदभाव आहे, पण वरच्या पत्राच्या पंगतीत तुझं पान मांडू नकोस. तुझे केस कापले तरी परत वाढतील, आणि तू कापलेस म्हणून तुझ्या आजोळाला कोणी नावं ठेवत नाही.

तुझा मामला बाई आणि पुरुष असा आहे, आणि तो फ्रान्समध्ये एकाने जिंकलाय. तिथल्या विमान कंपनीतला एक पुरुष कर्मचारी वेण्या घालायचा, बायकांना बांधलेल्या वेण्यांची परवानगी होती, पुरुषांना नव्हती. वेण्या घालून विमानात चढू देईनात म्हणून तो कित्येक वर्षं टोप घालून उडत राहिला! नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बायकांना चालतं ते पुरुषांना का नाही, हा लिंगभेद झाला. आपल्याकडे खासगी कंपनीविरुद्ध असं काही मिळेल असं धरून बसू नकोस. फौजेत तर शिस्त म्हणून आणखी कडक, हवाई दलातल्या एका जवानाची धार्मिक कारणावरून दाढी ठेवायची मागणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये फेटाळली होती.

म्हणून कोर्ट सोड, एचआरशी बोल. ती नवीन आहे, तिला वाटत असेल हा केस वाढवून रुबाब मारतोय. नाटकाचा फोटो दाखव, लुगड्यातला. आणि लेखी विचार की नियम नेमणूकपत्रात किंवा कंपनीच्या नियमावलीत कुठे आहे, नसेल तर जत्रेपर्यंत मुदत मागून घे, बांधून आणि कॉलरच्या आत घालून बसेन म्हण. बॅक ऑफिसात तुला बघायला येतं कोण, माउसच ना. किचनमध्ये असतास तर मी तिची बाजू घेतली असती, तिथे अन्नसुरक्षेच्या नियमाने डोकं झाकायलाच लागतं, पण तेही बाई पुरुष सगळ्यांनी.

जत्रा कधी आणि नाटक कुठलं ते कळव. रात्री दोनच्या आत सुरू होणार असेल तर मी येईन.